लेक निघालीय खापरपणजोबांच्या गावी, जपानला. गाव शोधायचं कसं?

रानजाई | ६ एप्रिल २०२५

नमस्कार मंडळी. इथे बारा वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझं माहेर संगमेश्वरजवळचं. गेली २६ वर्षं कॅलिफोर्नियात, सॅन होजेला राहते. नवरा जपानी वंशाचा अमेरिकन. त्यांच्याकडे पिढ्या मोजायची पद्धत आहे. जपानहून आले ते इस्सेई, त्यांची मुलं निसेई, मग सान्सेई, योन्सेई. नवरा योन्सेई, म्हणजे चौथ्या पिढीतला. आमची लेक पाचवी, गोसेई, आणि निम्मी संगमेश्वरची. २१ वर्षांची आहे, मेमध्ये कॉलेज संपतंय. जून ते ऑगस्ट एकटीच जपान फिरणार आहे. तोक्यो-क्योतो ती करेलच, पण तिचा खरा जीव अडकलाय खापरपणजोबांच्या गावात.

घरात जेवढं माहीत आहे तेवढं सांगते. खापरपणजोबा १८९३ मध्ये, विशीत असताना, तीन वर्षांच्या करारावर हवाईच्या उसाच्या मळ्यात गेले. १९०४ च्या सुमारास तिथून कॅलिफोर्नियात आले आणि सांता क्लारा खोऱ्यात दुसऱ्याच्या जमिनीवर स्ट्रॉबेरी लावली. स्वतःची जमीन घ्यायची सोयच नव्हती. नागरिक होऊ न शकणाऱ्या परदेशी माणसाने शेतजमीन घ्यायची नाही असा १९१३ चा कायदा होता, आणि जपानहून आलेल्यांना नागरिकत्व १९५२ पर्यंत मिळत नव्हतं. १९४२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना घरं सोडायला लावून छावण्यांत डांबलं. हे कुटुंब आधी सांता अनिताच्या रेसकोर्सवर, घोड्यांच्या तबेल्यात, आणि मग वायोमिंगमधल्या हार्ट माउंटन छावणीत. माझे सासरे १९४३ साली तिथेच जन्मले, काटेरी तारेच्या आत.

त्यानंतर घरात जपानी बोलणं बंद झालं. सासऱ्यांना चार शब्द येतात, नवऱ्याला तेवढेही नाहीत. सासरे ८२ वर्षांचे आहेत, जपानला कधीच गेलेले नाहीत. विचारलं की म्हणतात, "मी सॅन होजेचा." लेकीची मराठी तिच्या जपानीपेक्षा कितीतरी बरी आहे.

"यामागुची" एवढं एकच नाव घरात ऐकू येतं. तो तर अख्खा प्रांत झाला. गाव शोधायचं कसं? आणि सापडलंच, तर चार पिढ्यांनंतर कुणाच्या दारात जाऊन उभं राहावं का? जपानमध्ये राहिलेल्यांनी, जपानी शिकलेल्यांनी मोकळेपणाने सांगा.

गप्पिष्ट | ६ एप्रिल

दारात उभं राहताना हातात बाकरवडीचा पुडा असू दे. जपानी माणूस कुणाकडे रिकाम्या हाताने जात नाही आणि कोकणातलाही जात नाही. पोरीला दोन्हीकडून वारसा आहे. :)

एदोगावाकाठी | ७ एप्रिल

ताई, मी १४ वर्षं तोक्योत आहे, निशि-कासाईला. शोध जपानमध्ये सुरू करू नका, सॅन होजेत करा. खापरपणजोबांचं थडगं तिथेच असेल ना? इस्सेई लोकांच्या दगडांवर पुष्कळदा प्रांत, तालुका, गाव असं सगळं कोरलेलं असतं, जपानी लिपीत. मागच्या किंवा बाजूच्या अंगाला बघा. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, अक्षरं मी वाचून देतो.

दगडावर नसलं तर छावणीतले कागद, जहाजाच्या प्रवासी याद्या, पहिल्या महायुद्धातलं सैन्यनोंदणीचं कार्ड, १९४० मध्ये परदेशी म्हणून झालेली नोंदणी. यांतल्या एकात तरी गाव सापडतं.

रानजाई | १४ एप्रिल

कोरलेलं आहे! मागच्या बाजूला, शेवाळाखाली. दरवर्षी मेमध्ये आम्ही तिथे फुलं ठेवतो, पण पुढून. मागे कुणी गेलंच नाही. लेकीने ओल्या फडक्याने पुसून काढलं, एदोगावाकाठींनी फोटोवरून वाचलं : यामागुची केन (प्रांत), ओशिमा गुन (तालुका), आणि खाली गावाचं नाव. गाव लहान आहे, म्हणून नाव इथे लिहीत नाही.

सासऱ्यांना तिथेच वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. दगडावरचा हात मात्र त्यांनी बराच वेळ काढला नाही.

सेन्सेई_पुणे | १५ एप्रिल

अंगावर काटा आला वाचून. मी पुण्यात वीस वर्षं जपानी शिकवते.

ओशिमा गुन म्हणजे सेतो समुद्रातलं सुओ-ओशिमा बेट आणि त्याच्या आसपासची छोटी बेटं. दगडावरचं "मुरा", म्हणजे गाव, आजच्या नकाशात शोधू नका. जपानमध्ये गावं एकत्र करण्याच्या तीन मोठ्या लाटा आल्या, मेइजी काळात १८८९ ला, मग १९५० च्या दशकात आणि नंतर २००० नंतर. बेटावरची चार गावं मिळून २००४ मध्ये सुओ-ओशिमा हे एकच नगर झालं. जुनी नावं आता बसथांब्यावर, टपाल कार्यालयावर किंवा देवळाच्या पाटीवर उरलेली असतात.

आता मुख्य गोष्ट, कोसेकी. ही कुटुंबाची सरकारी नोंदवही. आपला जन्मदाखला, लग्नाचा दाखला, मृत्यूची नोंद आणि वारसनोंद एकाच पानावर आणली तर जे होईल ते. १९४७ च्या आधीची कोसेकी तर अख्ख्या घराची असे. घरप्रमुख, त्याचे भाऊ, भावांच्या बायका, सगळ्यांची मुलं एकत्र. घराबाहेर लग्न होऊन गेली, परदेशी गेला, वारला, सगळं तारखेनिशी. १८८६ च्या नमुन्यापर्यंतच्या नोंदी आज मिळू शकतात. बंद झालेल्या वह्या पूर्वी ८० वर्षांनी नष्ट करायची मुभा होती, २०१० पासून मुदत १५० वर्षं आहे. मधल्या काळात गेलेल्या गेल्या, पण लहान गावांत पुष्कळ वाचल्या आहेत.

थेट वंशजाला ती मागता येते. लेकीपासून खापरपणजोबांपर्यंत प्रत्येक पिढीचा जन्मदाखला जोडायचा, सोबत जपानी भाषांतर. चालू कोसेकीला ४५० येन, जुन्या बंद वहीला ७५० येन. टपालाने मागवता येते, पण पैसे जपानी टपाल हुंडीने भरावे लागतात आणि परदेशातून ते अवघड जातं. लेक जातेच आहे तर समक्ष मागू दे.

भाषांतर मी करून देते. दाखले विपुत (खासगी निरोपात) पाठवा.

निशिगंध | १५ एप्रिल

एक भाबडा प्रश्न. एवढ्याशा बेटावरून माणसं थेट हवाईला कशी गेली? हे कळलं तर लेकीलाही तिथे काय बघायचं ते कळेल.

एदोगावाकाठी | १६ एप्रिल

मुळीच भाबडा नाही. १८८५ मध्ये जपान सरकार आणि हवाईचं राज्य यांच्यात करार झाला. 'सिटी ऑफ टोकियो' जहाजातून नऊशेहून जास्त माणसं होनोलुलूला उतरली. १८९४ पर्यंत सरकारी करारावर सुमारे २९,००० माणसं गेली. हवाईच्या बाजूने रॉबर्ट अर्विन हे काम बघत होता. त्याची ऊठबस परराष्ट्रमंत्री इनोउए काओरू यांच्याशी, आणि इनोउए यामागुचीचे. म्हणून भरती मुख्यतः यामागुची आणि हिरोशिमात झाली. त्यात सुओ-ओशिमा म्हणजे डोंगराळ बेट, जमीन मूठभर, खाणारी तोंडं फार. एकट्या या बेटावरून सुमारे ३,९०० माणसं हवाईला गेली.

लेकीला दोन ठिकाणं सांगा. बेटावर एका परत आलेल्या माणसाच्या घरात हवाईला गेलेल्यांचं संग्रहालय आहे. आणि दक्षिण टोकाला पुलाने जोडलेलं ओकिकामुरो नावाचं चिमुकलं बेट, पूर्ण कोळ्यांचं. तिथली माणसं हवाई, तैवान, कोरियापर्यंत पसरली. १९१४ पासून १९४० पर्यंत तिथल्या लोकांनी 'कामुरो' नावाचं मासिक काढलं आणि जगभरच्या आपल्या माणसांना पाठवलं. कुणाकडे मूल झालं, कुणी देवळाला किती दिले, सगळं त्यात. त्या बेटाला "ओबोनला बुडणारं बेट" म्हणायचे. ऑगस्टमध्ये पितरांच्या सणाला इतकी माणसं परत यायची की भाराने बेट बुडेल! आता वर्षभर मोजकीच म्हातारी माणसं असतात.

मुळशी | १६ एप्रिल

थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका. पाच पिढ्यांनी कसलं गाव? मी स्वतः आजोबांच्या गावी गेलो होतो, नगर जिल्ह्यात, इथून चार तासांवर. चुलत घराण्यातल्यांनी चहा दिला आणि पहिला प्रश्न विचारला, "जमिनीचं काही काढायला आलात का?" आपण मनात चित्र रंगवून जातो आणि समोरच्याच्या मनात वेगळाच हिशेब असतो. एकवीस वर्षांच्या पोरीच्या वाट्याला ते येऊ नये. देश बघ, रामेन खा, डोंगर चढ. नातेवाईक शोधू नकोस.

हामामात्सुवाला | १७ एप्रिल

मुळशींचं पूर्ण पटत नाही, पण एक बाजू मी रोज पाहतो. मी हामामात्सुला मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे. आमच्या लाइनवर निम्मी माणसं ब्राझीलची, सगळी जपानी वंशाची. यांचे पणजोबा-आजोबा कॉफीच्या मळ्यांवर गेले. पहिलं जहाज 'कासातो मारू', १९०८ मध्ये कोबेहून ७८१ माणसं घेऊन सांतोसला गेलं. १९९० मध्ये जपानने कायदा बदलला आणि तिसऱ्या पिढीपर्यंतच्यांना इथे राहून काम करायची परवानगी दिली. कारखान्यांना माणसं हवी होती. सरकारला वाटलं, रक्त आपलंच आहे, सहज मिसळतील.

माझ्या शेजारच्या मशीनवरचा मुलगा सांगतो, "साओ पाउलोत शाळेत मला जपानी म्हणायचे. इथे आलो तर गाइजिन." परका. २००८ च्या मंदीत यांचीच कामं आधी गेली. २००९ मध्ये सरकारने परत जायला कामगारामागे ३,००,००० येन देऊ केले, आणि त्याच सवलतीने पुन्हा यायचं नाही अशी अट घातली. ते पैसे घेऊन त्याचे आईवडील गेले. तो मागे राहिला.

ताई, हे घाबरवायला सांगत नाही. लेक अमेरिकन पासपोर्टवर ९० दिवस फिरायला येणार, तिच्या पोटाचा प्रश्न त्यात नाही. पण वेळ मिळाला तर इथे एक दिवस तिने यावं. वंशजांचा परतीचा प्रवास असाही असतो, हे तिने बघावं असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडे उतरू दे. बायको पोळ्या करेल.

थळची_पायवाट | १८ एप्रिल

मी अलिबागजवळचा. आमच्याकडे दर हिवाळ्यात इस्रायलहून बेने इस्रायली, म्हणजे मूळच्या कोकणातल्या ज्यूंची, कुटुंबं येतात. पेणकर, रोहेकर, किहीमकर. यांना कोसेकी लागत नाही, गाव आडनावातच असतं! नवगावला त्यांच्या पूर्वजांचं स्मारक आहे, अलिबागेत इस्राएल आळी आणि सिनेगॉग. पाच-सहा वर्षांपूर्वी एक मुलगा आला, जेमतेम पंचविशीचा. मराठीतले त्याला मोजून दहा शब्द येत होते, सगळे आजीचे, सगळे स्वयंपाकघरातले. त्याच्या आजीच्या घराच्या जागी आता इमारत आहे. शेजारच्या म्हाताऱ्या कोळणीने त्याला नुसतं "कुणाचा रे तू?" विचारलं. त्याने आजीचं नाव सांगितलं आणि तिने कपाळावर हात मारून घेतला, "अगो, तिचा नातू!"

मुळशी, तुमचा अनुभव खरा आहे, हाही खरा आहे. दार वाजवल्याशिवाय कुठला वाट्याला येणार ते कळत नाही.

सेन्सेई_पुणे | १८ एप्रिल

दार वाजवायचं, पण आधी पत्र टाकून. अचानक उभं राहिलं की समोरचा संकोचून जातो, घर आवरलेलं नाही, द्यायला काही नाही. गावच्या देवळाच्या पत्त्यावर लिहावं. एका पानावर घराण्याची वंशावळ, जपानीत, खापरपणजोबा ते लेक. आणि शेवटी स्पष्ट लिहायचं की कुठल्याही मालमत्तेबद्दल काही विचारायचं नाही, फक्त पूर्वजांच्या कबरीला नमस्कार करायचा आहे. मुळशींनी लिहिलेली शंका जपानी खेड्यातही येतेच.

विदर्भ_वारा | १९ एप्रिल

एक गोष्ट लेकीला सांगून ठेवा. देवळात काकोचो असतो, मृतांची नोंदवही. तो दाखवायला भिक्षू नकार देतील. तिने वाईट वाटून घेऊ नये, त्यामागे मोठा लढा आहे.

जपानमध्ये बुराकु समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्यासारखं वागवलं गेलं. १८७१ च्या फर्मानाने भेद कायद्याने संपला, पण १८७२ च्या पहिल्या कोसेकीत पूर्वीचा दर्जा कळेल अशा नोंदी राहून गेल्या. लग्न जमवताना, नोकरी देताना लोक पूर्वजांचं गाव आणि वही तपासून माणूस नाकारायचे. चळवळीच्या दबावामुळे १९६८ मध्ये ती १८७२ ची वही कायमची बंद झाली आणि १९७६ पासून इतर कोसेकीही कुणालाही उघडून बघता येईनाशी झाली. "तुझं गाव कुठलं, कुळ कुठलं" हा प्रश्न आपल्याकडेही ज्यांच्यावर रोखला गेला, त्यांना यातली कळ सांगावी लागत नाही. मी नागपूरचा आहे.

म्हणून ही बंद दारं मला चांगली वाटतात. लेकीने कोसेकी जरूर काढावी, ती तिच्या घराची आहे. पण तिने काढलेली पानं इंटरनेटवर टाकू नयेत, त्यात दुसऱ्यांचीही नावं असतात. आणि वाकायामाला गेली तर कोयासानला बाबासाहेबांचा पुतळा आहे, विद्यापीठात, २०१५ पासून. तिथे एक फूल माझ्यातर्फे.

रानजाई | २० एप्रिल

विदर्भ_वारा, हे आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. लेकीने दोनदा वाचून घेतलं. फूल नक्की.

रानजाई | २९ जून

लेक जाऊन तीन आठवडे झाले. ती फोनवर बोलते, मी टाइप करतेय. तिचे शब्द :

"योकोहामाच्या बंदराजवळ परदेशी गेलेल्यांचं संग्रहालय पाहिलं. लोकांनी नेलेल्या पेट्या तिथे ठेवल्यात. किती लहान आहेत! माझी पाठपिशवी त्याहून मोठी आहे.

इथे मी हाफु, म्हणजे अर्धी जपानी. दुकानात माझ्याशी इंग्रजीत बोलतात. आडनाव जपानी, पण कुठल्या कांजीत, म्हणजे चित्राक्षरांत, लिहायचं ते घरात कुणालाच माहीत नाही, म्हणून मी ते काताकानात लिहिते, परदेशी शब्द लिहितात तसं. फक्त एका जागी ते बरोबर दिसतं. हॉटेलच्या दारात प्रतीक्षायादी असते, तिथे सगळेच काताकानात लिहितात. माझं आडनाव घेऊन, पुढे आदराचं 'सामा' लावून हाक मारतात. मी उठते. मग ते माझ्याकडे आणि कागदाकडे आलटून पालटून बघतात. आई, मला त्या हाकेची इतकी सवय झाली की भूक नसताना रांगेत थांबले."

हामामात्सुला दोन दिवस राहून आली. पोळ्यांबद्दल आभार. तुमच्या शेजारच्या मशीनवरच्या त्या मुलाबरोबर ती तीन तास बोलली, तो तोडक्या इंग्रजीत, ही तोडक्या जपानीत. हार्ट माउंटनबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं आणि हिला १९९० च्या कायद्याबद्दल या धाग्यावरच पहिल्यांदा कळलं होतं.

निशिगंध | ३० जून

ती रांगेची गोष्ट मनातून जात नाहीये. कोयासान?

रानजाई | ३० जून

झालं. फूल ठेवलं. फोटो विदर्भ_वारांना पाठवलाय.

रानजाई | १७ ऑगस्ट

लांबलचक आहे, पण सगळं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

हिरोशिमाहून लोकलने इवाकुनी, पुढे ओबाताके स्टेशन, तिथून बसने पूल ओलांडून बेटावर. बेटावर निम्म्याहून जास्त माणसं ६५ च्या पुढची आहेत. बसमध्ये हीच एक तरुण. नगर कार्यालयात सगळे दाखले दिले. खिडकीमागच्या बाईंनी एकेक कागद वाचला, "दोन दिवसांनी या" म्हणाल्या. दोन दिवसांनी जाड कागदावरच्या छायाप्रती मिळाल्या. ब्रशने लिहिलेलं, जुनी अक्षरं. बाईंनाही काही ठिकाणी अडखळायला झालं. आपल्याकडे मोडी समोर आल्यावर होतं तसंच. सेन्सेईंनी रात्र जागून वाचून दिलं.

खापरपणजोबा घरातले दुसरे मुलगे. आडनावाची कांजी मिळाली. लेकीने ती हातावर पेनाने लिहून फोटो पाठवला. खापरपणजीचं लग्न १९११ मध्ये नोंदलेलं, फोटो बघून ठरलेलं, नवरा कॅलिफोर्नियात आणि नवरी बेटावर. पणजोबांचा जन्म १९१५, कॅलिफोर्निया.

आणि त्यांच्या आधी एक मुलगी. जन्म १९१२, तोही कॅलिफोर्नियाचा. १९३१ मध्ये याच बेटावरच्या दुसऱ्या गावात लग्न होऊन गेली म्हणून घरातून नाव कमी.

आमच्या घरात या बाईबद्दल कुणी कधी अवाक्षर बोललेलं नाही. सेन्सेई म्हणाल्या, असं पुष्कळ घरांत व्हायचं. आईबाप दोघं शेतात राबणार, म्हणून लहान मुलाला जपानला आजी-आजोबांकडे पाठवायचं, चार पैसे जमले की आपणही परत जायचं. हिला पाठवलं, आणि आईबाप परत आलेच नाहीत.

सासऱ्यांना फोनवर सांगितलं. आधी म्हणाले, "काहीतरी चूक असेल." रात्री स्वतःहून फोन केला. "लहान असताना बाबा दर महिन्याला एक खोकं बांधायचे. साखर, साबण, कापड. मी विचारायचो कुणाला, तर म्हणायचे, देवळातर्फे जातं."

देवळाला पत्र आधीच गेलं होतं. भिक्षूंनी काकोचो दाखवला नाही, पण लेकीचं पान घेऊन ते स्वतः एका घरी गेले. १३ ऑगस्टला, ओबोनच्या पहिल्या दिवशी, छोट्या ट्रकमधून एक आजोबा देवळात आले. वय ८५. त्या मुलीचे धाकटे चिरंजीव. म्हणजे माझ्या सासऱ्यांचे सख्खे आत्तेभाऊ!

त्यांनी लेकीकडे बराच वेळ बघितलं आणि पहिलं वाक्य बोलले ते साबणाबद्दल. युद्धानंतर बेटावर साबण नव्हता. अमेरिकेच्या खोक्यातली वडी त्यांच्या आईने कापून पाच शेजारणींना वाटली होती.

मग त्यांनी तिला डोंगरावर नेलं. खापरपणजोबांच्या आईवडिलांची कबर. थोरल्या मुलाचं घराणं ओसाकाला गेलं आणि तिथे संपलं. कबरीवरचं आडनाव या आजोबांचं नाही, त्यांच्या आईच्या माहेरचं. तरी दर ओबोनला साठ वर्षं तेच ती धुतात. लेकीने बादलीतून पळीने पाणी घातलं, उदबत्ती लावली. हातावरची अक्षरं आणि दगडावरची अक्षरं तीच होती.

खाली उतरल्यावर ते म्हणाले, माझे गुडघे गेले. मुलं हिरोशिमाला आणि तोक्योला. माझ्या मागे इथे कुणी येणार नाही. मला ही कबर बंद करायची आहे, हाकाजिमाई. पण नाव तुमच्या घराचं आहे. तुमच्या वडिलांना विचारून सांगशील?

तिने रात्री फोन केला तेव्हा रडत होती. काय सांगायचं ते आम्हाला सुचत नाहीये. २६ वर्षं यांच्या घरात आहे, पण हा निर्णय माझा नाही असं वाटतं आणि आहे असंही वाटतं.

मुळशी | १७ ऑगस्ट

एप्रिलमध्ये "नातेवाईक शोधू नकोस" म्हणालो होतो. शब्द मागे घेतो. दुसऱ्याच्या नावाची कबर साठ वर्षं धुणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांना हो म्हणा. त्यांच्या गुडघ्यांचा विचार करा.

थळची_पायवाट | १८ ऑगस्ट

मला हो म्हणवत नाही. १३० वर्षांनी कुणीतरी पाणी घालायला आलं आणि लगेच दगड हलवायचा? लेकीचे वडील वर्षाकाठी पैसे पाठवून देखभाल करवू शकतील का? आमच्याकडे बेने इस्रायलींच्या दफनभूमीची निगा तशीच राखली जाते.

सेन्सेई_पुणे | १८ ऑगस्ट

भावना समजते, पण पैसे घेऊन डोंगर चढणारं माणूसच बेटावर उरलेलं नाही. हाकाजिमाई आज सगळ्या जपानभर चालू आहे. नगर कार्यालयाची परवानगी घेऊन अस्थी काढतात, सूत्रपठण होतं, अस्थी देवळाच्या सामाईक अस्थिगृहात जातात आणि तिथे देऊळ बघतं. कबर बेवारस होऊन झाडीत बुजण्यापेक्षा हे चांगलं, असंच बहुतेक घरं मानतात.

आणि ताई, त्यांनी पैसे मागितलेले नाहीत. कागदोपत्रीही कुणी अडवलं नसतं. ते नावाच्या घराचा होकार मागताहेत. साठ वर्षं तो द्यायला कुणी आलंच नव्हतं.

विदर्भ_वारा | १८ ऑगस्ट

घाई करू नका. "अमुक महिन्यापर्यंत थांबा" एवढं विचारायला हरकत नाही.

रानजाई | ७ सप्टेंबर

सासरे दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी विचारलं, "त्याला इंग्रजी येतं का?" नाही म्हटलं. "मग त्याच्याशी बोलायचं कसं?"

लेक १९ तारखेला परत आली. गेल्या रविवारी तिने दोघांचा व्हिडिओ कॉल लावून दिला. तिकडून आजोबांनी जुनी पत्र्याची पेटी दाखवली, त्यावर बांधलेली दोरी अजून तीच. सासरे ओरडलेच, "ही गाठ माझ्या बाबांची आहे!" मळ्यावर स्ट्रॉबेरीची खोकी बांधायची गाठ. त्यांनी समोरची सुतळी घेऊन तशीच बांधून दाखवली. पलीकडे आजोबांनीही बांधली, त्यांना आईने शिकवली होती. पाऊण तास दोघं गाठी बांधत होते, लेकीला भाषांतर करायला फारसं काही उरलं नाही.

ठरलं असं. कबर बंद करायला होकार. पण मार्चमधल्या हिगानला, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तेव्हाच्या पितरांच्या सणाला, आणि सासरे स्वतः तिथे हजर असताना. "मी सॅन होजेचा" म्हणणाऱ्या माणसाने काल पासपोर्टचा फॉर्म भरला. सोबत नवरा, लेक, मी.

आता मूळ धाग्याकडे येते, पुन्हा मदत हवीय. लेकीने मोजल्यात, कबरीपर्यंत ७४ पायऱ्या, ओबडधोबड, कठडा नाही. ८२ वर्षांच्या माणसाला वर न्यायचं कसं? आणि ओबाताकेपासून बसशिवाय काही सोय आहे का?

एदोगावाकाठी | ७ सप्टेंबर

२० मार्च, शुक्रवार. इथे सुट्टी असते. मी आदल्या दिवशी हिरोशिमाला येतो आणि गाडी भाड्याने घेतो, बसची गरज नाही. पायऱ्यांवर एका बाजूने मी धरेन, दुसऱ्या बाजूने लेक. दर दहा पायऱ्यांना बसायला घडीची खुर्ची आणतो.

हामामात्सुवाला | ८ सप्टेंबर

शेजारच्या मशीनवरचा मुलगा विचारतोय, तो आला तर चालेल का? दणकट आहे. दुसऱ्या आजोबांनाही वर न्यायला कुणीतरी लागेलच.

रानजाई | ८ सप्टेंबर

चालेल काय! या सगळ्यांनी.

गप्पिष्ट | ८ सप्टेंबर

बाकरवडीचे चार पुडे पाठवतोय. पत्ता विपुत द्या.